वीस कुप्या

मानूरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी सगळ्यात आधी येणारं माणूस म्हणजे महामाया सोनकांबळे. पद परिचराचं. कुलूप उघडायचं, झाडून पुसून घ्यायचं, पाणी भरायचं, डॉक्टर आल्या की केसपेपरच्या खिडकीशी लोकांना रांगेत बसवायचं, ही कागदावरची कामं. कागदावर नसलेलं एक काम ती गेली कित्येक वर्षं करत होती, आणि कोणी विचारलं असतं तर तेच आपलं खरं काम म्हणून तिनं सांगितलं असतं. औषधांच्या खोलीत लशींचा फ्रिज होता, मोठ्या पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. त्यात टांगलेली तापमापी सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा बघायची आणि आकडा वहीत लिहायचा. एवढंच काम. पण सुट्टी नाही, सण नाही.

मुखेडपासून अठरा किलोमीटरवर हे गाव. महामायाचं माहेर रेणापूरचं. बाप व्यंकटी, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबला, पण पोरीला त्यानं दहावीपर्यंत शाळेतून काढलं नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं ते आनंदराजशी. तो याच दवाखान्यात परिचर होता. दोन हजार चार साली कंधारच्या रस्त्यावर जीप उलटली, त्यात तो गेला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी ज्योत्स्ना तेव्हा सहा वर्षांची होती. अनुकंपा तत्त्वावर नवऱ्याची जागा महामायाला मिळाली. कागदपत्रं करता करता वर्ष गेलं, आणि एका सोमवारी ती आनंदराजचीच किल्ली घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

पहिली दोन-तीन वर्षं गावातल्या काही बायका तिच्या हातचं पाणी टाळायच्या. कोणी तोंडानं बोलत नसे. ग्यानोबा नावाचे शेतकरी होते, माळाकडच्या आळीतले. त्यांच्या बायको तारामतीबाई तर दवाखान्यात येताना घरून तांब्या भरून आणायच्या. पुढं त्यांच्या सुनेचं, शिल्पाचं, पहिलं बाळंतपण इथंच झालं. अडलेलं बाळंतपण होतं. दिवसभर महामायानं शिल्पाचा हात सोडला नाही, आणि बाळ तिनंच आंघोळ घालून तारामतीबाईंच्या ओटीत दिलं. त्यानंतर घरचा तांब्या येणं बंद झालं. त्यावर दोघींत कधी बोलणं झालं नाही.

फ्रिजचं काम तिला शिकवलं अमृतरावांनी. ते दवाखान्याचे औषधनिर्माते, निवृत्तीला आलेले, तंबाखू खाणारे, कमी बोलणारे. त्यांनी तिला तापमापी वाचायला शिकवली आणि सांगितलं, "दोनच्या खाली न्हाई, आठच्या वर न्हाई. उन्हानं लस खराब होती हे सगळ्यांला कळतंय. गारठ्यानंबी होती, हे कोणाच्या ध्यानात राहत न्हाई. एकदा गोठली की कामातून गेली. आन् वितळली की दिसायला परत पहिल्यासारखीच."

अमृतराव निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामीच राहिली, आणि वही महामायाकडं आली. काही ठिकाणच्या वह्यांत महिनाभर सरसकट चार-चार-चार असा आकडा असतो. बघायला सुरेख दिसतो. महामायाच्या वहीत चार, सहा, पाच, तीन, सात असं काहीही असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडं एवढं खालीवर का होतंय बाई?"

ती म्हणाली, "लाइट खालीवर हाय साहेब."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

कोरोनाची लस पहिल्यांदा गावात आली ती दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये, साठीच्या पुढच्या लोकांसाठी. महामायानं स्वतः फेब्रुवारीतच मुखेडला जाऊन घेतली होती. एक दिवस अंग मोडून आलं, दुसऱ्या दिवशी ती कामावर होती. पण गावात वेगळंच चाललं होतं. कोणाच्या तरी मोबाईलवर आलं होतं, की लस घेतलेलं माणूस दोन वर्षांत जातं. कोणी म्हणे बायकांना मूल होत नाही. साठीच्या बायकांनाही त्याची धास्ती वाटत होती, यावर डॉक्टर विशाखा हसायच्या, पण लोक काही येत नव्हते.

डॉक्टर विशाखा लातूरच्या. वय अठ्ठावीस, कंत्राटी नेमणूक, आणि दवाखान्याची सगळी जबाबदारी त्यांच्या एकटीवर. लशीची एक कुपी म्हणजे दहा जणांचे डोस. एकदा कुपी उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय कुपी उघडता येत नव्हती. सकाळी सहा-सात म्हातारे येऊन बसायचे, अकराला ऊन चढलं की त्यांतले दोन उठून जायचे. मग महामाया आळी-आळीनं फिरायची.

ग्यानोबांच्या ओसरीवर ती तीनदा गेली. तिसऱ्या वेळी तारामतीबाईंनी चहा केला.

"तू म्हणतीस ते खरं असंल बाई," त्या म्हणाल्या. "पण आमची ज्वारी काढायला आली. ताप आला तर पडून राहायला कोणाला वेळ हाय?"

"एक दिवस येतोय ताप. गोळी देताव आम्ही."

"बघू की पुढच्या महिन्यात," ग्यानोबा म्हणाले.

मार्चअखेर पाच कुप्या तशाच बंद, मुखेडला परत गेल्या. तिथून त्या जिथं माणसं होती तिथं गेल्या असतील. महामायानं त्या शीतपेटीत भरल्या, बर्फाच्या थैल्या लावल्या आणि आरोग्यसेवक बालाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून पेटी मांडीवर घेतली. एसटी बंद होती.

मग एप्रिल आला. आधी मुखेडची बातमी आली, मग शेजारच्या गावाची, आणि चौदा एप्रिलनंतरच्या आठवड्यात मानूरवाडीत चार माणसं गेली. तारामतीबाईंचा सख्खा भाऊ देगलूरला वारला. माती द्यायलाही कोणाला जाता आलं नाही. आता लोक पहाटेपासून दवाखान्याच्या पायरीवर बसू लागले. आणि आता लस नव्हती. कधी मुखेडहून एक कुपी यायची, कधी दोन. दहा डोसांना ऐंशी माणसं. वरून फोन यायचा, उद्या नक्की; उद्या यायचा, परवा. वर तरी कुठं होती? महामाया रोज सकाळी रिकाम्या फ्रिजचं तापमान वहीत लिहायची आणि बाहेर येऊन सांगायची, "आज न्हाई." एप्रिलअखेर आशा कार्यकर्तीनं उरलेल्यांची नवी यादी केली, नंबर देऊन ठेवले; त्यानंतर एकच कुपी आली. तारामतीबाईंचा नंबर अकरावा, ग्यानोबांचा बारावा.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुखेडहून निरोप आला, या घेऊन जा, वीस कुप्या. म्हणजे दोनशे माणसं.

नेमकी आदल्या दिवशी दुपारी गावाला वीज देणारी डीपी जळाली होती. दवाखान्याच्या जनरेटरला डिझेल होतं ते रात्रीतच संपलं. फ्रिजच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, त्यामुळं वीज नसली तरी तो एक दिवस थंडी धरून ठेवतो, हे महामायाला ठाऊक होतं. झाकण उघडायचं नाही, एवढंच पाळायचं. पण बाहेर त्रेचाळीस अंश होते. दुपारी ती आणि बालाजी कुप्या घेऊन आले. तिनं भराभर झाकण उघडलं, कुप्या मांडल्या, शीतपेटीतल्या बर्फाच्या थैल्याही आत ठेवल्या आणि झाकण लावलं. चारला बघितलं तर सात. पाचला पुन्हा बघितलं तर आठ. बरोबर आठच्या रेघेवर. कुप्या पुन्हा शीतपेटीत भरून मुखेडला न्याव्यात का, असं ती बालाजीला विचारत होती, तेवढ्यात साडेपाचला पंखा फिरला. लाइट आली.

फ्रिजच्या खालच्या बाजूला थंडी कमी-जास्त करायचा खटका होता, एक ते सात आकड्यांचा. मेकॅनिकशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही, असं त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं होतं. अक्षर महामायाचंच. पण तो आठचा आकडा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोनशे माणसांची लस. तिनं चिकटपट्टी उचलली आणि खटका चारावरून सातावर नेला. तासाभरात थंड झालं की परत चारावर आणू, असं तिनं मनात ठरवलं.

तो तास संपायच्या आधीच टेम्पो आला. शाळेतले बसवंत गुरुजी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर विशाखांनी ऑक्सिजन लावला. महामायानं सिलिंडर धरला, मान धरली, नळी धरली. नांदेडला कुठं खाट मिळते का म्हणून डॉक्टर फोनवर फोन करत होत्या. गाडी येईपर्यंत आठ वाजले. गुरुजींना गाडीत घालून दिलं, खोली औषधाच्या पाण्यानं पुसली, घरी जाऊन अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं, आणि महामाया अंथरुणाला पाठ लागताच झोपली. खटका तिच्या ध्यानातच राहिला नाही.

सकाळी साडेसहाला ती दवाखान्यात आली तेव्हा पायरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत माणसं बसलेली होती. दोनशेच्या वरच असतील. आज लस आहे हे गावाला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. तारामतीबाई पुढंच बसल्या होत्या, खाली पोतं अंथरून, पदराची घडी तोंडावर धरून. महामायाकडं बघून त्यांनी मान हलवली.

महामाया औषधांच्या खोलीत गेली. फ्रिजचं झाकण उघडलं. तापमापीत उणे तीन.

तिनं एक कुपी उचलली. आत पांढरं होतं. हलवली तर हललं नाही. खालच्या थरातल्या सगळ्या तशाच. वरच्या थरातल्या काहींत कडेला बर्फाच्या सुया, काहींत नुसतं पाणी. ती खाली बसली आणि खटका बघितला. सातावर.

किती वेळ ती तशीच बसली होती, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. हातातली कुपी हाताच्या उबेनं वितळली. उजेडात धरून बघितली तर आतलं औषध स्वच्छ होतं, कालच्यासारखं. फ्रिजला नांदेडला आपोआप निरोप धाडणारं एक यंत्र बसवलेलं होतं, पण त्यातलं सिम मार्चपासून बंद होतं. उणे तीन हा आकडा महामायाशिवाय जगात कोणाला माहीत नव्हता. चिकटपट्टी परत लावायला एक क्षण पुरला असता.

तिनं पेन घेतलं आणि वहीत लिहिलं. तारीख, वेळ, उणे तीन. शेरा या रकान्यात लिहिलं, काल सायंकाळी खटका मी फिरवला. खाली सही केली. मग खटका चारावर आणला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टर विशाखांनी वही वाचली. त्या चिडल्या नाहीत. खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"सगळ्याच गोठल्यात का मावशी?"

"खालच्या बारा पक्क्या. वरच्यांचं सांगता येत न्हाई."

डॉक्टरांनी वर फोन लावला. उत्तर आलं ते त्यांना आधीच माहीत होतं. एकही वापरायची नाही. वेगळ्या करा, खूण करून ठेवा, परत पाठवा. नवीन कधी, ते सांगता येत नाही.

तेवढ्यात सरपंच संगमेश्वर आत आला. रांग का हलत नाही ते बघायला आला होता. माणूस कामाचा होता; गावात निर्जंतुकीकरणाची फवारणी त्यानं स्वतः पाठीवर पंप बांधून केली होती. सगळं ऐकून त्यानं दार लोटून घेतलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बर्फ वितळला की ते औषधच ना? विष तर झालं न्हाई?"

"विष नाही. पण उपयोगाचं राहिलं असेल याची खात्री नाही."

"मंग द्या की. लोक महिनाभर बसून राहिलेत. सुई टोचली की जिवाला धीर येतो. मी कुठं बोलत न्हाई. महामायाबाई, तुमच्यावरबी काही येणार न्हाई."

डॉक्टर काही बोलायच्या आत महामाया बोलली. "अप्पा, धीर येईल. मंग ते लस घेतली म्हणून लग्नाला जातील, मातीला जातील. नातवंडं जवळ घेतील. आन् आत काहीच नसंल."

संगमेश्वरनं तिच्याकडं बघितलं. "मंग बाहेर काय सांगायचं? लाइट गेली म्हणून खराब झाली म्हणा. खोटं न्हाई ते."

"लाइट आली होती. खटका मी फिरवला," महामाया म्हणाली. "मीच सांगते."

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, मी जबाबदार आहे इथली. मी सांगते." पण महामाया दार उघडून पायरीवर गेली होती.

तिला भाषणाची सवय नव्हती. तिनं मास्क नीट केला आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं. लस काल आली होती. ती थंड राहावी म्हणून तिनं फ्रिजचा खटका फिरवला आणि परत करायचा राहून गेला. लस गोठली. गोठलेली लस देता येत नाही. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही, बालाजीची नाही.

रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "रोज एक नवं कारण." दुसरा म्हणाला, "आपल्या माणसांला आधी टोचून घेतली असंल, आन् आता आपल्याला गोठली म्हणून सांगायलेत." ते कोण बोललं ते महामायाला आवाजावरून कळलं, त्याच्या दोन्ही पोरांना तिनं मांडीवर धरून डोस पाजले होते. माणसं उठू लागली, धोतरं-पदर झटकू लागली.

तारामतीबाईंनी पोत्याची घडी घातली. "परत कव्हा येणार?"

"सांगता येत न्हाई मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पोतं काखेत घेऊन उन्हाच्या आत घराकडं निघाल्या.

त्याच संध्याकाळी लातूरहून ज्योत्स्नाचा फोन आला. ती तिथं एका खाजगी रुग्णालयात परिचारिका होती. सगळं ऐकून म्हणाली, "आई, लाइटचं लिहायचं होतं ना. खोटं थोडंच होतं."

"लिहिलंय की लाइटचं. खटक्याचंबी लिहिलंय."

"निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत तुझी."

"व्हय," महामाया म्हणाली. मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

चौथ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. तिनं चार ओळींत उत्तर लिहिलं. डॉक्टर विशाखांनी त्याला आपलं एक पानभर पत्र जोडलं. त्यात काय लिहिलं ते महामायानं वाचलं नाही. डॉक्टर दाखवत होत्या, ती म्हणाली, राहू द्या.

त्यानंतरच्या आठवड्यात तारामतीबाईंना ताप आला. तपासणीत कोरोना निघालाच. तिसऱ्या दिवशी धाप लागली. नांदेडला खाट नव्हती. महामायानं ज्योत्स्नाला फोन केला, आणि तिच्या रुग्णालयात तासाभरापूर्वी रिकामी झालेली एक खाट मिळाली. ग्यानोबांनी बायकोला गाडीत घालून लातूरला नेलं. नऊ दिवस ज्योत्स्ना रोज संध्याकाळी फोन करून सांगायची, आज थोडं खाल्लं, आज ऑक्सिजन वाढवला, आज सुनेचं नाव घेऊन विचारत होत्या. शिल्पा दुसऱ्यांदा गरोदर होती. दहाव्या दिवशी फोन सकाळीच आला, आणि काय ते महामायाला घंटी वाजतानाच कळलं.

ती डॉक्टरांकडं गेली. "त्या दिवशी दिली असती, तर?"

डॉक्टर विशाखांनी तिला समोर बसवलं. "मावशी, लस घेतली तरी अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यांना ताप आला तो त्या सकाळनंतर सातव्या दिवशी. म्हणजे त्यांना तेव्हाच लागण झाली होती किंवा होत होती. चांगली लस मिळाली असती तरी एवढ्यात काही झालं नसतं."

महामायानं मान हलवली. तिला ते समजत होतं. इतक्या वर्षांत ती हे दुसऱ्यांनाही समजावून सांगत आली होती. तरी त्या दिवसापासून तिची झोप पहाटे चारला उघडू लागली. उठून ती चुलीपुढं बसायची. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, तिकडं बघत बसायची, काही मागत नसे. उजाडलं की दवाखान्यात.

महिनाअखेर पंधरा कुप्या आल्या. त्याआधी नांदेडहून मेकॅनिक येऊन फ्रिज तपासून गेला होता, सिमही बदललं होतं. डॉक्टरांना वेगळीच काळजी होती. "आता लोक म्हणतील, इथली लस खराब असते. येतील का मावशी?"

सकाळी सातला पायरीवर पंचवीस-तीस माणसं होती. लस गोठली त्या दिवसाच्या मानानं काहीच नाही. संगमेश्वर सरपंच सगळ्यांत पुढं होता. तो खिडकीशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, आज किती हाय?"

"चार."

"बघू?"

तिनं त्याला आत नेऊन तापमापी दाखवली. त्यानं वाकून नीट बघितली, जणू त्याला ती वाचता येत होती, आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बाही वर करून बसला. मग आणखी दोघांना बघायची होती. त्यांनाही तिनं दाखवली. त्या दिवशी बारा-तेरा जणांनी तापमापी बघितली असेल. एकजण म्हणाला, "त्या दिवशी काय होतं?" तिनं वही उघडून ते पान दाखवलं. त्यानं वाचलं, सहीवर बोट ठेवलं, आणि रांगेत गेला. दुपारपर्यंत माणसं वाढत गेली. आपल्या माणसांना आधी टोचली म्हणून बोललेला तो माणूसही आला, बायकोला घेऊन. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, तिनंही त्याला ओशाळं केलं नाही, टोकन दिलं.

ग्यानोबा दुपारी एकटेच आले. डोक्यावर नुकते उगवलेले पांढरे खुंट होते. सुई टोचून झाली, आणि सगळ्यांना बसवतात तसं त्यांना अर्धा तास व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. महामाया पाणी घेऊन गेली. त्यांनी पेला घेतला, प्यायले आणि म्हणाले, "बस जरा."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. हे बोलणं तिनं पहाटे चुलीपुढं बसून अनेकदा मनात केलं होतं. आता तोंडातून एवढंच निघालं, "मामा, त्या दिवशी माझ्यानं चूक झाली."

"ऐकलंय मी. तिथंच होतो की, तिच्या मागं."

"डॉक्टर म्हणतात त्यानं काही फरक पडला नसता. पण मला वाटत राहतं."

ग्यानोबांनी रिकामा पेला हातात फिरवला. "मार्चात तू आमच्या घरी कितीदा आलतीस?"

"तीनदा."

"तव्हा लस होती. दारात चालत आलती. ती म्हणली ज्वारी हाय. मी म्हणलो पुढच्या महिन्यात बघू." त्यांनी पेला बाकावर ठेवला. "मलाबी वाटत राहतं बाई. पहाटं जाग येते."

"मलाबी."

"चारला का?"

"हाव."

त्यांनी मान डोलावली. तिकडून बालाजीनं हाक मारली, कुपी संपली, नवी काढायची का म्हणून. ती उठली, रांग मोजली, दहा पुरे होते, आणि आत गेली.

जुलैत चौकशीचा निकाल आला. नियम मोडल्याबद्दल सक्त ताकीद, आणि त्याच कागदावर खाली, तापमानाची नोंद प्रामाणिकपणे ठेवल्याची दखल घेण्यात येत आहे, अशी एक ओळ. ज्योत्स्नाला ती ओळ फोनवर दोनदा वाचून दाखवावी लागली. नांदेडहून बसवंत गुरुजी परत आले, वीस किलोनं उतरलेले. गरोदर बायकांनाही लस द्यायची परवानगी आली, तेव्हा शिल्पा सासऱ्याबरोबर आली. ती घाबरली होती. महामायानं तिचा हात धरला, पहिल्या बाळंतपणात धरला होता तसाच, आणि सुई कधी टोचली ते शिल्पाला कळलं नाही.

लस आता बऱ्यापैकी नेमानं येऊ लागली होती. उरलेल्यांसाठी महामाया आणि बालाजी पेटी घेऊन शेतात जायचे. सोयाबीनच्या खुरपणीला आलेल्या बायका बांधावर बसून बाही वर करायच्या. चार तासांच्या आत दहावं माणूस गाठायचं म्हणून कधी शेजारच्या शिवारापर्यंत चालावं लागे. एकदा तर नऊ झाले आणि दहावा मिळेना. शेवटी रस्त्यानं चाललेल्या दूधवाल्याला थांबवलं, तो मुखेडचा निघाला, त्याची पहिली लस झालेली नव्हती, आणि तो तिथंच सायकल उभी करून टोचून घेऊन गेला. पोळ्यापर्यंत गावातली बहुतेक घरं झाली. पाच-सात घरं शेवटपर्यंत नाही म्हणाली ती म्हणालीच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ग्यानोबा दुसऱ्या डोससाठी आले. त्या दिवशी गर्दी नव्हती. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता, आणि व्हरांड्यात चांगला वारा लागत होता. सुई झाल्यावर ते त्याच बाकावर जाऊन बसले. महामायाला आत काम होतं. चार वाजले होते, वही भरायची होती. तिनं तापमापी बघितली, पाच लिहिले, सही केली आणि बाहेर आली तर ग्यानोबा भिंतीला डोकं टेकवून झोपले होते. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. त्यांचा अर्धा तास कधीच होऊन गेला होता.

बालाजी त्यांना उठवायला निघाला. महामायानं त्याला हातानंच थांबवलं. ती केरसुणी घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज न करता झाडू लागली. ग्यानोबा पाऊण तास झोपले. जाग आली तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, किती वाजले विचारलं, आणि जनावरांना पाणी दाखवायचंय म्हणत घाईनं घराकडं गेले.